पाटीवरचे चाळीस टक्के

मोहितेने पेढ्यांचा बॉक्स काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, तोंड गोड करा. नोकरी सोडली."

पेढा मी तोंडात टाकला होता. तो तसाच राहिला.

मोहिते शहराबाहेर नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलर ऑपरेटर. राहतो समा भागात, आमच्या शेजारच्या सोसायटीत. रिटायर व्हायला अजून चार वर्षं होती. मी अलकापुरीत एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात. सातवी नापास आहे, पण याच काउंटरवर केस पांढरे केलेत. गिऱ्हाइकाला समजावणं आणि बाहेरची पाटी लिहिणं हे माझं काम. कुठल्या कंपनीने किती डिव्हिडंड दिला ते रोज सकाळी लिहितो. माझ्यासारखं अक्षर अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाचं नाही.

"सोडली म्हणजे?"

"राजीनामा दिला. ठेवी मोडल्या, आठ लाख आले. तुमच्या पाटीवरची ती पंपवाली कंपनी घेऊन टाका. चाळीस टक्के! वर्षाला तीन लाख वीस हजार. पगार निघाला की! मग कशाला त्या बॉयलरपुढे भाजून घेऊ?"

मी "आधी बस खाली," म्हटलं.

डिव्हिडंड म्हणजे कंपनी आपल्या नफ्यातून शेअरवाल्यांना देते तो वाटा. पण त्याचे टक्के मोजतात फेस व्हॅल्यूवर. म्हणजे शेअरची जी मूळ छापील किंमत असते तिच्यावर. आपण बाजारात मोजतो त्या भावावर नाही. या कंपनीची फेस व्हॅल्यू दहा रुपये. दहाचे चाळीस टक्के, चार रुपये. आणि भाव चाललेला आठशे.

"आठ लाखांत शेअर किती येतील?" मी विचारलं.

"हजार."

"एकाला चार रुपये."

"म्हणजे महिन्याला चार हजार?"

"वर्षाला. तेही कंपनीने दिले तर. पुढच्या वर्षी नाही दिले तर आपण काही करू शकत नाही."

त्याने बॉक्सचं झाकण हळूच लावलं. मग बाहेरच्या पाटीकडे बोट केलं.

"पण तुम्ही चाळीस टक्के लिहिलंय, काका."

"बरोबरच लिहिलंय. कंपनीने तसंच जाहीर केलंय."

"तुमचं अक्षर होतं ना, म्हणून कुणाला विचारलं नाही."

तेवढ्यात आमचे शेठ हितेनभाई केबिनमधून बाहेर आले. "काका, आठ लाखनो ऑर्डर छे, नाखो ने!"

"नाही टाकत," मी म्हटलं, आणि त्यांच्यादेखत स्कूटरची किल्ली उचलली. मोहितेला मागे बसवला आणि थेट नंदेसरी.

कारखान्याचे मॅनेजर साहेब भला माणूस. म्हणाले, "मी याला पुष्कळ समजावलं. हा म्हणाला, माझी सोय झालीय. राजीनामा वरून मंजूर होऊन आला, जागेवर दुसरा घेतलाही."

"तो कागद फाडून टाका ना, साहेब!"

"तसं होत नाही, काका."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. बाहेरून लोक डोकावायला लागले. शेवटी साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण तुम्ही याचे कोण?"

मोहितेच म्हणाला, "चला काका."

मोहिते आज पुन्हा त्याच कारखान्यात बॉयलरवर आहे. पण ठेकेदाराचा माणूस म्हणून, बऱ्याच कमी पगारावर. आठ लाखांतले बरेचसे मी परत ठेवीत टाकायला लावले. थोड्या पैशांचे दोन जुन्या कंपन्यांचे शेअर घेऊन दिले. त्या आजच्या भावाने शंभराला वर्षाला तीन-चार रुपये देतात, आणि आजवर चुकलेल्या नाहीत. उद्याची हमी मी देत नाही, त्यालाही दिली नाही.

मी चूक लिहिलं नव्हतं, हे आजही छातीठोक सांगतो. पण पाटीवर आता टक्के लिहीत नाही. लिहितो, एका शेअरला चार रुपये, भाव आठशे.

हितेनभाई कुरकुरतात. "काका, चार रुपिया वांचीने कोण ऊभुं रहेशे?"

मी म्हणतो, "वाचून नाही कुणी उभं राहिलं तरी चालेल. मोहिते उभा राहिला होता, तेवढा पुरे."