दोन्ही पाय भुईला टेकतील अशी सायकल

अनुसयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका सायकलशी भांडत होत्या. गडचिरोलीच्या बाजारात माझं सायकलचं दुकान तेव्हा नवंच होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. गडचिरोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात आणि चांदा मध्य प्रदेशात. पांढऱ्या पातळातल्या एक ठेंगण्या बाई उंच मर्दानी सायकल ढकलत येत होत्या आणि तिचं पायडल घडीघडी त्यांच्या नडगीवर आपटत होतं. दुकानाशी येऊन त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "भाऊ, हे सायकल मले सरकारनं देली. आता तुम्ही हिले माह्या मापाची करून द्या."

बाई धानोऱ्याच्या आरोग्य केंद्रावर नव्याने आलेल्या नर्स. माहेर वरोऱ्याचं, वडील तिथल्या कापसाच्या जिनात कामाला. धानोऱ्याला त्यांच्या आधी आलेल्या दोघी नर्स बदली मागून निघून गेल्या होत्या, कारण जंगलातल्या गावांपर्यंत पोचायचं कसं याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं. बैलगाडी जुंपून आणेपर्यंत बाळंतीण हातची जायची. बाईंनी वरोऱ्याला भावाच्या सायकलवर शिकून घेतलं होतं, म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे सायकल मागितली, आणि वरिष्ठांनी पुरुषांसाठी घेतलेल्यांतलीच एक देऊन टाकली.

बाईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात मोठे डॉक्टर आणि पुढारी लिहिणार आहेत. बाईंच्या सेवेबद्दल ते माझ्याहून चांगलं सांगतील. मी रहीम मिस्त्री, शाळा सातवीपर्यंत. शुद्धलेखन ग्रंथाच्या समितीतल्या मास्तरांनी तपासलं आहे, मतं मात्र माझी आहेत. मी बाईंना सायकलवरून ओळखतो, आणि माणूस त्याच्या सायकलवरून जितका कळतो तितका कुंडलीवरून कळत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

मापाचाच प्रश्न पहिला आला. परक्या बाईच्या पायाचं माप मी घेणार कसं? शेवटी आमच्या अम्मीने पडद्याआड कमरेपासून टाचेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि सुतळी माझ्या हातात दिली. ती पाहून मी सांगितलं की या सायकलचं काही होणार नाही, हिचे सुटे भाग देऊन त्याबदल्यात दुसरे आणावे लागतील. नागपूरहून लहान जनानी फ्रेम मागवली. जंगलातल्या वाळूत अरुंद टायर रुततात, म्हणून रुंद टायरची लहान चाकं घेतली. पुढचं दातेरी चक्र कमी दात्यांचं घातलं, म्हणजे वेग कमी मिळतो पण चढावर पाय भरून येत नाहीत. बाईंना डायनामोचा दिवा हवा होता. मी साफ नाही म्हटलं. डायनामो चाकाच्या जोरावर पेटतो. रस्ता खराब झाला, आपण हळू झालो, की नेमका तेव्हाच विझतो. त्याऐवजी हँडलला कंदील अडकवायचा आकडा लावला. बाळंतपणाच्या पिशवीचं ओझं मागे लोंबू नये म्हणून लोहाराकडून कॅरियर पुढे सरकवून घेतलं. पातळ चाकात जाऊ नये म्हणून अम्मीने सुताची जाळी विणली. हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण ती सायकल झाली तेव्हा मला तिचा फार गर्व वाटला होता. अजूनही वाटतो.

सीटची उंची मी माझ्या नियमाने ठेवली. सीटवर बसून टाच खाली आलेल्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघे वर येतात, ताकद वाया जाते आणि म्हातारपणी गुडघे त्याचा वचपा काढतात. मी हे शेकडो गिऱ्हाइकांना शिकवलं आहे आणि ते आजही खरंच आहे.

काही आठवड्यांनी बाई लाकडं नेणाऱ्या ट्रकवर सायकल टाकून परत आल्या आणि म्हणाल्या, सीट खाली करून द्या. मला वाटलं, पडल्या असतील. तसं काही नव्हतं. सायकल छान पळते म्हणाल्या. मग काऊन खाली करायची, असं विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही तळपाय भुईला पूर्ण टेकले पाहिजेत. मी नकार दिला. माझ्या दुकानातून गेलेल्या सायकलवर कुणी गुडघे छातीशी घेऊन बसलेलं दिसलं तर लोक मला हसतील, असंही बोलून गेलो. बाई रागावल्या नाहीत. बाकड्यावर बसल्या आणि एका बाईची हकिगत सांगू लागल्या.

धानोऱ्याच्या पलीकडे एका पाड्यात रैनीबाई नावाची गोंड बाई होती. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली, आता पुन्हा दिवस गेलेले. अनुसयाबाई तिकडून जात तेव्हा रैनीबाई वाटेच्या कडेला उभी असायची. बाई सायकल हळू करून कशी आहेस विचारत, ती बरी आहे म्हणायची, आणि बाई पुढे जात. त्या उंच सीटवरून उतरायचं म्हणजे सपाट जागा शोधा, सायकल तिरपी करा, पातळ सावरा. तोवर रैनीबाई घरात गेलेली असायची. पण गेल्या खेपेला तिच्या पायांवर सूज दिसली. सूज आहे, आणि डोकंही दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर अशा बाईला झटके येतात आणि मग आई-मूल दोन्ही हातचे जातात. डोकं दुखतं का हे फक्त ती सांगू शकत होती, आणि ती सांगत नव्हती.

"तुमची सायकल चालाले लय चांगली हाये, भाऊ," बाई म्हणाल्या, "पण माहं काम थांबाचं हाये. मले कुठीबी थांबता आलं पायजे."

मी पाना घेतला आणि बाईंचे तळपाय भुईला टेकेपर्यंत सीट उतरवली. गुडघे फार वर येऊ नयेत म्हणून सीट मागे सरकवली आणि हँडल वर घेतलं. त्या दिवशी मी सायकल पहिल्यांदा नीट बसवली, असं आता वाटतं. तेव्हा मात्र चांगला माल नासला म्हणून दिवसभर कुरकुरत होतो.

पुढे एके दुपारी दुकानासमोरून ट्रक गेला. ओंडक्यांवर बांधलेली माझी सायकल मी आधी ओळखली. ड्रायव्हरशेजारी बाई होत्या आणि त्यांच्या खांद्याला टेकून सुजलेल्या चेहऱ्याची रैनीबाई. दवाखान्यात तिला वेळेवर आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

अम्मी तिच्यासाठी पेज घेऊन दवाखान्यात जायची, एकदा मीही सोबत गेलो. अम्मीने तिला विचारलं की एवढं दुखत होतं तर आधी का नाही सांगितलं. रैनीबाईला मराठी तोडकंमोडकं यायचं. ती म्हणाली, "आंधी बाई जाऊन राह्यली होती. जाणाऱ्या माणसाले का सांगू? मंग बाईचे पाय भुईले टेकले, तवा सांगितलं."

बाईंच्या स्वभावाबद्दल याहून वेगळं मला काही सांगायचं नाही, पण ईदेच्या दिवसाचं सांगतो. तुटलेली चेन घेऊन त्या आल्या, सण आहे हे कळताच मला पान्याला हात लावू दिला नाही. शीरखुर्मा खाल्ला आणि उद्यापर्यंत थांबते म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बाया लेकरं घेऊन त्यांच्याभोवती बसल्या होत्या. ज्या बायका डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसत, त्या बोलत होत्या. बाई फक्त ऐकत होत्या आणि मधूनमधून खरमरीत रागवत होत्या. त्यांची बोलणी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना ती शीरखुर्म्याइतकीच लक्षात असतील.

आता बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. नोकरी संपली, पण फेरी संपलेली नाही. त्या सायकलचा बहुतेक प्रत्येक भाग मी बदलला आहे. माझ्या नियमाप्रमाणे बाईंचे गुडघे दुखू लागले आहेत, आणि हे मी त्यांना सांगितल्यावाचून राहिलो नाही. मागच्या महिन्यात त्या आल्या आणि सीट आणखी खाली होते का, असं विचारलं. वयाने गुडघा पूर्वीसारखा सरळ होत नाही, त्यामुळे टाचा टेकत नाहीत. सीटचा दांडा नळीत पूर्ण उतरलेला आहे. मी म्हटलं, बाई, आता सायकल सोडा. त्या म्हणाल्या, "बाया अजून वाटेवर उभ्या राहातेत, भाऊ."

म्हणून मी नवी सायकल बांधायला घेतली आहे. चाकं आणखी लहान, फ्रेम आणखी खाली. अम्मी आता नाही, सुतळी कुणी धरायची असा प्रश्न होता, पण सुतळीची गरजच पडणार नाही. या खेपेला माप मी भुईपासून वर घेणार आहे: आधी दोन्ही पाय टेकवायचे, सीट तिथून ठरवायची.

अनुसयाबाईंना भरपूर आयुष्य मिळो आणि ते हिंडतंफिरतं मिळो, एवढंच मी अल्लाकडे मागतो. त्यांची वाट बघत कुणी उभं असेल, तिथे तिथे त्यांचे दोन्ही पाय भुईला टेकोत. सीट किती खाली करायची ते माझ्यावर सोडा.