फिलोमिनाने परत घेतलेला शब्द

फिलोमिनाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. माणिकपूरच्या एका शाळेत ती तेहतीस वर्षं शिपाई होती. घंटा द्यायची, सूचनांची वही वर्गावर्गात फिरवायची, पडलेल्या पोराला घरी पोचवायचं. दिवस पायांवरच जायचा. निवृत्त झाल्यावर पहिल्याच जूनमध्ये तिच्याशिवाय शाळा भरली आणि ती गास गावातल्या आपल्या घरात झाडू हातात घेऊन उभी राहिली. नवरा फ्रान्सिस केळींना पाणी लावून परत आला तेव्हा तिचं अंगण तिसऱ्यांदा झाडून होत होतं.

"बस गं जरा," तो म्हणाला.

"बसून करू काय?"

त्याच आठवड्यात विनयाबाईंचा फोन आला. बाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या, फिलोमिनाच्या दोन वर्षं आधी निवृत्त झालेल्या, एव्हरशाईन सिटीत राहायच्या. मुलांसाठी त्यांनी एक शब्दखेळ केला होता. सुताराकडून लाकडाचे शंभर छोटे ठोकळे कापून घेतलेले, प्रत्येकावर एक अक्षर आणि त्याचे गुण. आता दर गुरुवारी दुपारी त्या आणि शाळेचे जुने क्लार्क श्रीरंग भाऊसाहेब तो खेळत. दोघांत मजा येत नव्हती, तिसरं माणूस हवं होतं.

नियम सोपे होते. पिशवीतून सात ठोकळे काढायचे आणि पटावर शब्द लावायचा. ठोकळ्यावर नुसतं अक्षर असे, काना, मात्रा, अनुस्वार तोंडाने लावायचे. म्हणजे 'क' आणि 'ल' शेजारी ठेवून काल म्हणा, कला म्हणा, केला म्हणा, चालतं. मात्र ठेवताना शब्द मोठ्याने बोलायचा. पटाच्या कडेला काही लाल घरं होती. तिथे अक्षर पडलं की अख्ख्या शब्दाचे गुण तिप्पट.

फिलोमिना पहिले सात गुरुवार हरली. बाईंकडे शब्दांचा खजिना होता, 'विमनस्क' काय, 'तितिक्षा' काय. फिलोमिना दिसेल तो पहिला शब्द ठेवून मोकळी व्हायची. पाळीची वाट बघवायचीच नाही तिला. पाय हलत राहायचे, मध्येच उठून कप विसळून यायची.

"बाईंशी शब्दांनी लढले तर मरेपर्यंत हरनार मी," तिने फ्रान्सिसला सांगितलं. "दुसरं काहीतरी पायजे."

तिला मोजता येत होतं. सहलीला नेलेल्या दीडशे पोरांत एक कमी असलं तर बसमध्ये पाय ठेवताच तिला कळायचं. तिने पिशवीतली अक्षरं मोजून घेतली. 'र' सात, 'न' सहा, 'ळ' दोन, 'ढ' एकच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली आणि खेळताना एकेक खूण करू लागली. शेवटी पिशवी रिकामी झाली की समोरच्यांच्या हातात काय उरलंय ते तिला जवळजवळ न बघता सांगता यायचं.

मग बाकीचं आपोआप सुचत गेलं. कुणाशीही जुळणारी अक्षरं, 'र', 'त', 'क', ती हातात राखायची आणि अडेल अक्षरं लवकर खपवायची. हात फारच वाईट आला तर पाळी सोडून ठोकळे बदलायची. भाऊसाहेब हसायचे, पण पुढच्या पाळीला ती ते वसूल करायची. लांब शब्दाच्या मागे न लागता असलेल्या शब्दाला चिकटून दोन अक्षरांचा शब्द ठेवायची, म्हणजे आडवे-उभे तीन शब्द होऊन सगळ्यांचे गुण मिळायचे. आणि लाल घराकडे जाणारी वाट कधी उघडी ठेवायची नाही. मराठीत 'ळ' किंवा 'ण'ने शब्द सुरू होत नाही. पटाच्या अगदी डाव्या कडेला उभ्या शब्दातून यातलं एखादं बसवलं की त्या ओळीत तिथून कुणालाच शब्द सुरू करता येत नाही. हे तिचं तिलाच सापडलं तेव्हा ती आनंदाने बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन उगाचच एक ग्लास पाणी पिऊन आली.

आठव्या गुरुवारी ती जिंकली. मग सलग पाच वेळा.

"फिलोमिना, हा भाषेचा खेळ आहे," बाई एकदा म्हणाल्या. "तू नुसता हिशेब करतेस."

"खेळच आहे ना, बाई?"

जिंकूनही तिला चैन पडेना. चर्चमध्ये फादरांच्या प्रवचनातली 'क'ची संख्या मोजण्यात तिचं आमेन राहून गेलं. बुधवारपासूनच घरात येरझाऱ्या सुरू व्हायच्या. हरण्यापेक्षा आता हरू की काय याचीच धास्ती जास्त होती.

नोव्हेंबरातला एक गुरुवार. पिशवी रिकामी झालेली. बाई अकरा गुणांनी पुढे. फिलोमिनाच्या हातात दोनच ठोकळे, 'ज' आणि 'न'. पटावर एक 'व' मोकळा होता, त्याच्या एका बाजूला साधं घर, दुसऱ्या बाजूला लाल. तीन पाळ्या ती याचीच वाट बघत होती. तिने 'ज' ठेवला, 'न' ठेवला. तिप्पट गुण, डाव तिचा.

"काय शब्द?" बाईंनी विचारलं.

"जेवन."

बाईंनी चष्मा वर केला. "जेवण. बाणातला ण लागतो. हा चालणार नाही."

भाऊसाहेब पुढे वाकून हळूच म्हणाले, "मावशी, जीवन म्हणा. ठोकळे तेच आहेत."

ते तिलाही दिसत होतं. बाईंनाही दिसत होतं. त्या थांबल्या होत्या, तिने म्हणावं म्हणून. फिलोमिनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी जेवन लावलंय," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"तेहतीस वर्षं स्टाफरूममध्ये तुमी सगळे मला विचारायचे, मावशी, जेवलात का? मी रोज सांगायचे, झालं जेवन. तेव्हा कोनी बोललं नाही, असा शब्द नाही म्हनून."

"बोलणं वेगळं, फिलोमिना. पटावर नियम असतो."

"असूदे मग."

तिने 'ज' उचलला, मग 'न' उचलला, पिशवीत टाकले आणि चपला घातल्या. लिफ्टची वाटही पाहिली नाही, जिन्याने उतरली.

घरी पोचताच तिने सगळं फ्रान्सिसला सांगितलं. हातातला डाव आपण का सोडला, हे तिला स्वतःलाच नीट सांगता येईना. फ्रान्सिसने ऐकून घेतलं.

"एक शब्द बोलली असतीस तर जिंकली असतीस," तो म्हणाला.

"तुला नाही कळनार."

"कळलं मला. मी फक्त मोजून सांगतो."

तीन गुरुवार ती गेली नाही. त्या तीन आठवड्यांत घरातले सगळे पडदे धुऊन झाले, वांग्याच्या वाफ्यातलं गवत मुळापासून निघालं, आणि काहीही आणायचं नसताना ती दोनदा नालासोपाऱ्याच्या बाजारात चालत जाऊन आली. फोन वाजला की धावायची आणि सुनेचा आहे कळलं की चिडायची.

चौथ्या गुरुवारी दारात रिक्षा थांबली. आधी भाऊसाहेब उतरले, मग ठोकळ्यांची पिशवी छातीशी धरून विनयाबाई. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच या घरी येत होत्या. फिलोमिना खुर्च्या आणायला धावली, मग पाणी, मग पंखा.

"फिलोमिना, मी शब्दकोश पाहिला," बाई म्हणाल्या. "तुझा शब्द नाही त्यात."

"मला ठाऊक आहे."

"पण तू तो रोज बोलतेस. मी इतकी वर्षं ऐकला आणि समजूनही घेतला. मग पटावर मला कसा कळेनासा झाला, याचं उत्तर काही मिळालं नाही मला." त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. "घरच्या बोलीतले शब्द धरूया आपण."

फिलोमिनाचे डोळे भरून यायला हवे होते. पण तिच्या डोक्यात आकडे फिरू लागले.

"असं नको," ती लगेच म्हणाली. "मग कोनीपन काहीपन ठेवील. एका डावात प्रत्येकाला एकच घरचा शब्द. आनि त्याचा अर्थ सांगायचा. नाही सांगता आला तर पाळी गेली."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. बाईही हसल्या, जरा उशिराने.

ओटीवर पट मांडला. भाऊसाहेब मूळचे कणकवलीकडचे. त्यांनी दुसऱ्याच पाळीत 'खंय' ठेवला आणि "कुठे" असा अर्थ सांगून टाकला. फिलोमिनाने आपला शब्द हातात राखून ठेवला. बाईंची पाळी आली की त्या ठोकळ्यांकडे बघत बसायच्या.

"बाई, तुमचा घरचा शब्द?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सोलापूरचं घर आमचं. पण वडील शिक्षक. 'आमी' म्हटलं तरी हातावर पट्टी बसायची." त्यांनी एक ठोकळा उलटसुलट केला. "आठवत नाहीये रे एकही."

फिलोमिनाला गप्प बसवेना. ती उठली, आतून उकडलेल्या शेंगा घेऊन आली, बाईंच्या पुढ्यात ठेवल्या आणि त्यांच्या ठोकळ्यांकडे अजिबात न बघता म्हणाली, "घाई नाही. सावकाश."

तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं फ्रान्सिसने केळींतून मान वर केली.

डाव भाऊसाहेबांनी जिंकला, बारा गुणांनी. राखून ठेवलेला शब्द ठेवायला फिलोमिनाला जागाच मिळाली नाही आणि शेंगा आणायला उठली तेव्हा एक लाल घर तिने उघडं सोडलं होतं. रिक्षा सुरू झाली तरी ती बाजूच्या दांड्याला धरून त्याच खेळीबद्दल बोलत होती. बाई मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते, कुठला तरी जुना शब्द जुळवून बघत असल्यासारखे.