चेकवरचं बोट

माझ्या नवऱ्याची नजर हळूहळू गेली, तेव्हापासून आर्वीच्या आमच्या बियाण्यांच्या दुकानाचे चेक मीच लिहायचे. सहीच्या जागेखाली मी माझं बोट आडवं धरायचे. हे त्या बोटाला पेन टेकवायचे आणि सही करायचे. दुकानातली माणसं बघत राहायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग कुणीतरी बोरगाव मेघेतल्या एका बाईंचं सांगितलं. त्या स्वतः जन्मापासून अंध, आणि नजर गेलेल्यांना रोजची कामं शिकवायच्या. त्यांच्याकडे चेकवर ठेवायच्या चौकटी होत्या, चेकच्याच मापाच्या. नाव, रक्कम, सही, अशा जागी खाचा कापलेल्या. एक पत्र्याची, एक प्लास्टिकची, एक जाड पुठ्ठ्याची. हे तिन्हींवरून बोटं फिरवत बसले. पत्रा बोटाला लागतो म्हणाले, प्लास्टिक सरकतं म्हणाले, परत पुठ्ठा हातात घेतला. मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले होते!

त्यात ती बाई ह्यांचं बोट धरून एकेका खाचेत नेत होती. "भाऊ, इथं नाव. अन् इथं सही." भाऊ म्हणाली तरी माझा जळफळाट व्हायचा तो झालाच.

येताना हे एसटीत पुठ्ठा छातीशी धरून बसले होते. "आता तुले तरास नाई," म्हणाले.

"मी कधी म्हटलं, मले तरास होते म्हणून?" मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते ह्यांना दिसणार नव्हतं, तेवढा राग फुकट गेला.

पहिला चेक ह्यांनी एकट्याने लिहिला आणि तो बँकेतून परत आला. सही जुळत नव्हती. माझ्या बोटाच्या आधाराने केलेली ह्यांची सही नेहमी वर चढायची, आणि नजर गेल्यावर बँकेत तीच नोंदवलेली होती. चौकटीतली सही सरळ उतरली होती. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी ह्यांच्या आवडीचा पाटोडीचा रस्सा केला.

"ठेवून द्या आता तो पुठ्ठा," मी वाढता वाढता म्हणाले. "आधीचंच बरं होतं."

"काऊन? सहीच बदलून टाकतो ना," हे बोटं चाटत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या साहेबांनी नव्या सहीसाठी कागद पुढे ठेवला. सवयीने मी बोट धरलं. "राहू दे वं," म्हणत ह्यांनी कागदाची कड चाचपली, चौकट बसवली आणि सही केली.

"कशी आली?"

"आली बरी," मी म्हणाले. बरी कसली, देखणी आली होती.

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वहिनी, सही यांनीच केली म्हणून साक्षीदाराची सही लागते. तुमी करता का?"

मी केली. डोळे धड असून वेडीवाकडी आली.