मांडीवरचं मशीन

एस.टी.त शिवणाच्या मशीनसाठी खिडकीची जागा धरून ठेवणारी बाई साऱ्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. त्या राहतात आष्टीला, आम्ही धारूरला. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बीडला गाडी बदलून, अर्धा दिवस मोडणारा प्रवास. आपल्या घरच्यांचं शिवण दसऱ्याच्या आत उरकून आक्का दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यायला निघत. पंचवीस वर्षं हा नेम चुकला नाही. प्रत्येक वेळी त्यांच्या मांडीवर जुन्या गोधडीत गुंडाळलेलं हातमशीन असे. ते गाडीच्या मागच्या डिकीत टाकणं त्यांना मान्य नव्हतं, आणि पायाशी ठेवणंही नाही, कारण 'कुनाचा बी पाय लागतुय'. खिडकी हवी, कारण वारं लागलं की मशीनमधलं तेल आंबत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं की त्या म्हणत, "जागा घेतलीय का त्यानं? मांडीवर बसलंय गरीब." पुढे सरकारने बायकांना अर्धं तिकीट केलं आणि आक्कांचा दावा आणखी पक्का झाला. "बाईमानसाला अर्धं ना? मग बाईच्या मशीनला बी अर्धंच लावा." एका तरुण कंडक्टरने म्हणे आपल्या तिकिटाच्या यंत्रात बराच वेळ तसलं बटण शोधलं, आणि ते न सापडल्यामुळे तो निमूट पुढे गेला.

आक्का आल्या की आमच्या खिडकीजवळचं टेबल माझं राहत नसे. माझी पुस्तकं उचलून कॉटखाली जात आणि तिथे मशीन बसे. मग आठ दिवस आमच्या घरात दिवाळीचं शिवण चाले. आक्कांना आकडे वाचता येत, पण टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. माणसाला समोरून एकदा आणि पाठमोरं एकदा चालायला लावायचं, खांद्यावर एक वीत ठेवायची, 'हं' म्हणायचं, की माप झालं. त्यात त्या दोन बोटं वाढीची धरत. माझ्या लेकीच्या फ्रॉकला ती शोभली, पण माझं वय पन्नाशीच्या पुढे गेलं तरी माझ्या शर्टातली दोन बोटं काही गेली नाहीत. "आक्का, मी आता वाढत नाही," असं मी एकदा धीर करून म्हणालो. "दिवाळीत मानूस फुगतंच," त्या म्हणाल्या, आणि कात्री चालवली. माझ्या शर्टांना त्या खिसे मात्र अशा मापाचे लावत की त्यात एक बेताचं पुस्तक उभं मावावं. मी शाळेत मराठी शिकवत असे. त्या खिशात सहकारी आपले खडू, चष्मे आणि एकदा तर दोन केळी ठेवून वर्गावर गेले होते.

कापडाच्या बाबतीत आक्का एकनिष्ठ होत्या. आष्टीच्या बाजारात एखादं कापड मनात भरलं की त्या ते उरलंसुरलं सगळं उचलत. एका वर्षी जांभळ्या फुलांचं कापड आलं. त्यातून लेकीचा फ्रॉक झाला, माझा शर्ट झाला, उशांचे अभ्रे झाले, आणि तरीही उरलं म्हणून खिडकीचा पडदा झाला. पाडव्याच्या सकाळी मी तो शर्ट घालून त्या खिडकीत वाचत बसलो होतो. दूधवाला दारात उभा राहून 'सर, सर' अशा हाका मारत राहिला आणि घरात कुणी नाही असं समजून निघून गेला.

हातमशीनचं हँडल खरं तर शिवणाऱ्यानेच फिरवायचं असतं. पण आक्कांचं म्हणणं असं की दोन्ही हात कापडावर असल्याशिवाय टीप सरळ येत नाही, तेव्हा हँडलला दुसरा माणूस हवा. शाळेतून आल्यावर घरात बसून असणारा माणूस मीच. मी उजव्या हाताने हँडल फिरवायचो आणि डाव्या हातात पुस्तक धरायचो. पान उलटताना मशीन थांबे, आणि पुस्तकात काही रंगलं की ते पळू लागे. "हळू, हळू! बाही गेली की वो वाकडी," आक्का ओरडत. पुढे पुढे तर त्या शिवलेला कपडा उजेडात धरून टीप बघत आणि आत्मविश्वासाने सांगत, "हितं मारामारी झाली बगा पुस्तकात. आन् हितं कुनीतरी मेलंय, हात गळाला तुमचा." दहातल्या सात वेळा त्यांचा अंदाज बरोबर असे.

माझ्या बायकोला आक्का 'बारकी' म्हणत. बारकी चाळिशी ओलांडून पन्नाशीला आली तरी ती बारकीच होती, आणि या दोघींचं भांडण ठरलेलं असे. भांडणाचा विषय ब्लाऊजचा गळा. बारकीला तो जरा उतरता हवा असे.

"येवढा खोल कावून?" आक्का विचारत. "हीर हाय का पानी शेंदायची?"

"आक्का, तुझे गळे म्हणजे सोमवारी बंद असलेलं दुकान. शटर पार खाली."

"मग जा की टेलरकडं. दे त्याला पैशे."

त्यानंतर त्या एकमेकींशी बोलत नसत. हाताच्या अंतरावर बसून माझ्यामार्फत निरोप जात. "पाव्हणं, तुमच्या बायकूला इचारा, बाही कोपरापातूर का वर?" बारकी मला सांगे, "त्यांना म्हणावं, मागच्यासारखीच." मी हँडल फिरवत दोन्ही बाजूंचे निरोप पोचवत असे. हा अबोला साधारण चहापर्यंत टिके. मग कपबशीचा आवाज आला की दोघी एकदम हसू लागत, कशाला ते मला कधी कळलं नाही. आणि दिवाळीत बघावं तर गळा बारकीच्या मनासारखा, वर आक्कांच्या पदरची एक नाजूक किनारही लावलेली.

गेल्या आषाढात बारकी गेली. आठ दिवसांचंच आजारपण. आक्का आल्या, तेराव्यापर्यंत राहिल्या आणि परत गेल्या. मशीन अर्थातच बरोबर नव्हतं.

मग दसरा आला. घरात माणूस गेलं की त्या वर्षीची दिवाळी आमच्याकडे साधीच असते. नवं कापड शिवत नाहीत, कढई चुलीवर ठेवत नाहीत, फराळ शेजारपाजारचे आणून देतात. हे मला माहीत होतं. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीजवळच्या टेबलावरची पुस्तकं उचलून कॉटखाली ठेवली. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामंच राहिलं. तिसऱ्या दिवशी पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, मावशी आली का?" मी म्हणालो, "येतील." चौथ्या दिवशी मी पेपर आणायला म्हणून बसस्टँडवर गेलो. पेपर घरी येतो. बीडहून येणाऱ्या दोन गाड्या बघून परत आलो.

मला शिवणाचं काही पडलं नव्हतं. माझ्याकडे शर्ट पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांत दोन बोटं शिल्लक आहेत. मला वेगळीच भीती वाटत होती. आक्का माझ्या कोण? बारकीच्या बहीण. मधली बारकीच निघून गेली, तर एका टोकाला आष्टी आणि एका टोकाला धारूर, एवढंच उरतं. हे नातं संपलं की चालू आहे, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते एकट्या आक्काच सांगू शकत होत्या. पाचव्या दिवशी मी त्यांना फोन लावला. फोनवर आक्का नेहमीप्रमाणे पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. मी विचारलं, "पाऊस आहे का तिकडे?" त्या म्हणाल्या, "न्हाई." मी म्हणालो, "इथे थोडा झाला." मग आम्ही दोघांनीही फोन ठेवला.

सातव्या दिवशी मी ठरवलं, की आपणच जायचं. पण जायचं तर निमित्त हवं. नवं शिवायचं नाही, पण जुनं दुरुस्त करायला कुणी अडवलेलं नाही, असा मुद्दा मला सुचला. म्हणून मी घरातलं फाटकंतुटकं गोळा करायला घेतलं. बारकीने घर असं ठेवलं होतं की अर्धा दिवस शोधून मला एक गुंडी तुटलेला शर्ट आणि शिवण उसवलेली एक भाजीची पिशवी एवढंच सापडलं. एवढ्यासाठी कुणी धारूरहून आष्टीला जात नाही. तेव्हा मी दार लावून घेतलं आणि उशीचा एक चांगला अभ्रा फाडला. आयुष्यात मुद्दाम काही फाडण्याची माझी ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून दुपारच्या आत आष्टीला पोचलो तेव्हा आक्का ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. "कावून आलाव पाव्हणं?" त्यांनी विचारलं, आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. गाडीत मी दोन वाक्यं तयार केली होती. ती दोन्ही विसरलो.

"दसरा झाला," मी म्हणालो.

"झाला की. हितं बी झाला."

"तुम्ही आला नाहीत."

आक्कांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला. "औंदा नवं शिवायचं न्हाई. ठावं हाय न्हवं तुमाला? शिकलेलं मानूस तुमी."

"नवं नाही. पण फाटलंय बरंच," मी म्हणालो आणि पिशवी पुढे केली.

त्यांनी हात पुसून चष्मा लावला. शर्ट पाहिला, भाजीची पिशवी पाहिली, बाजूला ठेवली. मग अभ्रा घेतला आणि फाटलेल्या रेघेवरून सावकाश बोट फिरवत नेलं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"हे फाटलेलं न्हाई, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "हे फाडलंय. आधी कात्री लावलीय, मग हातानं वढलंय."

दारात उभ्या असलेल्या सुनेने पदर तोंडाला लावला.

"घरात दुसरं काही फाटलेलं सापडलं नाही," मी म्हणालो.

आक्कांनी अभ्र्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग त्या हळू बोलू लागल्या; त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बारकी व्हती तवर मला कुनाला इचारायचं काम न्हवतं. ते तिचं घर, म्हून माझं. आता कुनाच्या नावानं येऊ? बहीण गेली तरी बाई मशीन घिऊन चाललीय, म्हनतील की लोक. दसऱ्यापासून वाट बगायले, कुनी मूळ येतंय का. रोज सकाळी मशीन गोधडीत बांधते, सांजच्याला सोडते."

माहेरवाशिणीला न्यायला जो माणूस जातो त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात.

"मी फोन केला होता," मी म्हणालो.

"व्हय. पावसाचं सांगाया."

"मी मूळच आलोय, आक्का," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. सुनेला म्हणाल्या, "भाकरी टाक गं दोन, लवकर. गाडी हाय." आणि आत जाऊन कॉटखालचं मशीन ओढून बाहेर आणलं. ते बांधलेलंच होतं.

गाडीत त्यांनी खिडकी स्वतः घेतली आणि मशीन माझ्या मांडीवर दिलं. "न्याया आलाव तुमी, आता वझं बी तुमचंच." कंडक्टर आला. त्याने सामानाचं तिकीट मागितलं. वर्गाबाहेर मी कुणाशी कधी वाद घातलेला नाही. तरी धीर करून म्हणालो, "मांडीवर आहे हे." "दिसायलंय की, सर," तो म्हणाला, आणि हात पुढे करून उभा राहिला. मी मुकाट्याने पैसे दिले. बीड येईपर्यंत आक्का ते तिकीट उलटसुलट करून बघत होत्या. बीडच्या स्टँडवर एवढंच म्हणाल्या, "पंचवीस वर्सात ह्या मशीननं पयल्यांदा तिकीट काढलं."

धारूरच्या गाडीत पुढच्या सीटवर एक बाई होती, पायाशी सीताफळांची पाटी. तेलगाव गेलं, घाट लागला, तशी ती मागे वळून बसली आणि गप्पा मारू लागली. "लेकीकडं चाललाव का, आक्का?"

"न्हाई. दिवाळीचं चालले. मूळ आलतं न्याया."

"आस्सं. मग ह्ये कोन? भाऊ का?"

गाडीने गिअर बदलला. मी गोधडीच्या गाठीकडे बघत होतो. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता डोंगर.

"व्हय," त्या म्हणाल्या. "धाकटा हाय."

त्या बाईने पाटीतलं एक पिकलेलं सीताफळ काढून मला दिलं, "घ्या की भाऊ." माझ्या दोन्ही हातांनी मशीन धरलेलं. घाटात सोडायची सोय नव्हती. आक्कांनीच ते घेतलं, फोडलं, अर्धं सावकाश खाल्लं. बिया पदराच्या टोकात बांधल्या. माझ्या वाटणीचं अर्धं त्यांनी धारूर येईपर्यंत तळहातावर तसंच धरून ठेवलं.