टिप्या जेवत नव्हता

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात दाजींसाठी पेज ढवळत होते. दवाखाना जवळच, पण सहा वर्षं अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या दाजींना एकटं टाकून निघायचं कसं? तिच्यापाशी माझा भाचा मिलिंद होता. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले... आत जाऊन दाजींना सांगायला पाऊल उचलेना.

अक्का माझी थोरली बहीण, शाळेत शिक्षिका. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मुलींची सहल घेऊन पन्हाळा चढायची तेव्हा मुली मागं पडायच्या. दाजी पडल्यावर हीच बाई राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत अडकली. मिलिंद नोकरीला पुण्यात. मी गडहिंग्लजहून फोन केला की म्हणायची, "मजेत हाय की." आणि मग अर्धा तास कुत्र्याच्या, टिप्याच्या गमती सांगायची.

दिवाळीनंतर तिचाच फोन आला. "टिप्या जेवत न्हाय गं. मला घर सोडून जाता येत न्हाय. तू येतीस का?" सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं मला बोलावलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं आले. अक्का वाळली होती, पण दाजींच्या सेवेत कोणीही वाळेल, असं मला वाटलं.

कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टिप्याचे दात, हिरड्या बघितल्या, पोट दाबून पाहिलं, ताप आणि रक्त तपासलं. म्हणाल्या, "कुत्रं खात न्हाय त्याला कारण असतंय, मावशी. दात दुखतो, पोट बिघडतं, किडनी खराब होते. याचं सगळं ठीक हाय. आता घरात काय बदललंय ते बघा."

अक्काला सांगितलं तर ती हसली. "या घरात काय बदलणार?"

मी बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी दाजींना भरवून तिनं स्वतःचं ताट घेतलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. मी पाण्याला म्हणून आत गेले, तर ती ताटातला भात कागदात गुंडाळत होती. टिप्या समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत होता. अकरा वर्षं तिचं जेवण झालं, भाकरीचा शेवटचा तुकडा त्याला मिळाला, की मगच तो स्वतःच्या भांड्याकडं वळायचा. तो अजून वाट बघत होता.

"अक्का, तू कधीपासनं जेवली न्हाईस?"

"घास उतरत न्हाय. चार महिने अडकत होता, दिवाळीपासनं पार बंद. ताक, चहा जातंय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"हळू बोल," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर दवाखान्यात ठेवलं असतं. ह्यांना कोण बघणार?"

मिलिंद आला. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, पुढं गेलेला. जिना उतरताना ती मला म्हणाली, "चार दिवस हितं ऱ्हा. मी आलेच." सात आठवडे तिनं दवाखान्यातच काढले. तिनं मला खरंच टिप्यासाठी बोलावलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं...

टिप्या आता थोडं खातो. मी त्याच्यासमोर बसून जेवले तरच. मन नसलं तरी मी घास गिळते. मिलिंद दर रविवारी फोनवर म्हणतो, काहीतरी सोय करतो. तोही बिचारा काय करणार.

संध्याकाळी टिप्याला खाली न्यावं लागतं. दाराला बाहेरून कुलूप घालताना आतून दाजी विचारतात, "किती वेळ?" अक्का म्हणायची तेच मी म्हणते, "दहा मिनिटं." फाटकातून टिप्या जोरात ओढत निघतो. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता लागतो, पलीकडं बाग दिसते. पण टोकाशी विजेच्या खांबापर्यंत गेला की तो थांबतो, आणि मी साखळी ओढायच्या आधीच तो घराकडं वळतो.