भाचीचा फायटर

फायटर मासा पाळायला काही लागत नाही, असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्याला एकदा वाफबाईसमोर उभं करायला हवं होतं. एक बरणी, चिमूटभर खाणं, आठवड्यातून एकदा पाणी बदललं की झालं! दुकानदार असंच सांगतात, घेणारेही खुशीत मान डोलावतात, आणि दीड महिन्यानं मासा उताणा तरंगला की म्हणतात, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. वाफबाईनं त्या एका माशापायी चौदा महिन्यांत काय काय घालवलं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

वाफबाई हे तिचं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात तिनं एकतीस वर्षं काढली. वर ऑपरेशनं व्हायची, आणि रक्तानं माखलेले चिमटे, कात्र्या, वाट्या लिफ्टनं खाली तिच्याकडे यायच्या. त्या घासायच्या, दुहेरी कापडात बांधायच्या, वरून पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मशीनमध्ये ढकलायच्या. बाहेर काढल्यावर पट्टीवरच्या रेघा काळ्या झालेल्या दिसल्या की पुडकं शुद्ध. एखादी रेघ जरा फिकी राहिली तरी ती पुडकं सोडून पहिल्यापासून सगळं करायची. वर सर्जन बोंबलत बसला तरी तिच्या कपाळावर आठी उमटायची नाही. नर्सांनी तिला पाठीमागे वाफबाई म्हणायला सुरुवात केली. तिला ते कळलं तेव्हा राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं.

लग्न तिनं केलं नाही. भाऊ अपघातात गेला तेव्हा भाची चार वर्षांची होती. वर्षभरात वहिनीनं दुसरं लग्न केलं, आणि ज्याच्याशी केलं तो वाफबाईच्या मते माणसांत मोजण्याच्या लायकीचा नव्हता. मुलगी थोडे दिवस म्हणून आत्याकडे आली आणि आत्यानं ती ठेवूनच घेतली. पोरीला सांगितलं, तुझे आईबाबा दोघंही त्या अपघातात गेले. वहिनी तीनदा दारात आली. तिन्ही वेळा वाफबाईनं दार अर्धवट उघडून सांगितलं, मुलगी वसतिगृहात आहे, तुझं नावही काढत नाही. चौथ्यांदा वहिनी आली नाही. वाफबाईला यात काही चुकलं असं वाटलंच नाही. पोरगी स्वच्छ घरात, स्वच्छ कपड्यांत, चांगल्या मार्कांनी मोठी होत होती. आणखी काय हवं माणसाला?

सव्विसाव्या वर्षी पासपोर्टसाठी भाचीला जुनी कागदपत्रं काढावी लागली. त्यात आईच्या मृत्यूचा दाखला कुठे सापडेना. सापडला तो आईचा पत्ता. ती शोधत गेली, तर आई वारून चार महिने झालेले. घरी येऊन भाचीनं ना रडारड केली, ना भांडण. एवढंच म्हणाली, “आत्या, एकदा तरी खरं बोलायचंस.” आणि बॅग भरली. त्यानंतर पाच वर्षं तिचा ना फोन, ना चिठ्ठी.

आणि एका दुपारी बेल वाजली. दारात भाची उभी. हातात जॅमची बरणी, बरणीत गढूळ पाणी आणि त्यात बोटाएवढा मासा. रंग धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा, शेपटीच्या चिंध्या झालेल्या.

“कंपनी बाहेरदेशी पाठवतेय,” भाची उंबऱ्यातूनच बोलली. “तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. सगळ्यांना विचारून झालं, कोणी घ्यायला तयार नाही. तू ठेवशील?”

“ठेवीन की. आत तर ये.”

“गाडी खाली थांबलीय. मरू देऊ नकोस हं त्याला. मी न्यायला येईन.”

भाची उभ्या उभ्याच पाणी प्यायली आणि गेली. वाफबाई बरणी पोटाशी धरून किती तरी वेळ दारातच उभी. माशांचं तिला काडीचं प्रेम नव्हतं. पण ‘न्यायला येईन’ हे शब्द तिनं पक्के धरून ठेवले. मासा जगला तर पोरगी पुन्हा या दारात येणार होती, आणि या खेपेला आत्या तिला नीट बसवून घेणार होती. बोलायचं होतं. माफी हा शब्द तिला उच्चारता आला असता की नाही कोण जाणे, पण तिनं मनाशी तयारी चालवली होती.

दुसऱ्याच दिवशी ती माशांच्या दुकानात गेली. दुकानदार गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा माणूस. बरणी बघून तो म्हणाला, “हे म्हणजे याला संडासात कोंडून ठेवल्यासारखं झालं, बाई.” मग काचेची पेटी आली, पाणी गाळायचं यंत्र आलं, हीटर, थर्मामीटर, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचं औषध, पाणी तपासायच्या बाटल्या, आणि मोहरीएवढ्या दाण्यांचा एक डबा. पेन्शनीला चांगलाच खड्डा पडला. “फुकटात आलेला मासा आहे हा,” ती म्हणाली. “फुकटातलेच सगळ्यांत महाग पडतात,” दुकानदार म्हणाला आणि हसत बिल फाडलं.

तिथून महिनाभर सगळं ठीक चाललं होतं. मग गाळणीतल्या स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर जमलेला तिला दिसला. आता एकतीस वर्षं जिनं चिमट्याच्या सांध्यात अडकलेलं रक्त ब्रशानं खरवडून काढलं, ती हे कसं खपवून घेणार? तिनं मासा बादलीत काढला, स्पंज, खडे, जाळी सगळं कुकरमध्ये घातलं आणि चार शिट्ट्या काढल्या. पेटी साबणानं लखलखीत केली, दहादा धुतली, ताजं पाणी भरलं, औषध टाकलं, मासा सोडला. कुकर तसा मजबूत, पण स्पंजही काही कमी चिवट नव्हता. तो गोरापान होऊन बाहेर आला. वाफबाई खुर्ची ओढून समोर बसली आणि बऱ्याच वर्षांनी तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी मासा तळाशी आडवा पडला. कल्ले धापा टाकत होते. ती चप्पल न घालताच दुकानात पळाली. “अहो, इतकी स्वच्छता ठेवली मी! कुकरला लावलं सगळं!”

दुकानदारानं कपाळावर हात मारून घेतला. “कुकरला? बाई, तो बुळबुळीत थर जिवंत असतो. माशाच्या विष्ठेचं विष तोच पचवतो. तुम्ही तोच शिजवून टाकलात, आता मासा स्वतःच्या विषात पडलाय.”

“म्हणजे घाण ठेवायची?”

“तिला घाण म्हणू नका. स्पंज धुवायचा तो पेटीतल्याच जुन्या पाण्यात, हलकासा पिळून. आणि एका वेळी थोडंच पाणी बदलायचं.”

त्यानं आपल्या टाकीतला एक मळका स्पंज पिशवीत घालून दिला. वाफबाईनं ती पिशवी दोन बोटांच्या चिमटीत धरून घरी आणली. पुढचे बारा दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं मगानं थोडं थोडं पाणी बदललं, डोळ्यांत तेल घालून मासा राखला. तेराव्या दिवशी त्यानं एक दाणा खाल्ला आणि तिचा जीव भांड्यात पडला. एकतीस वर्षांची विद्या या पेटीपुढे कुचकामी, हे तिला फार झोंबलं. स्पंजकडे बघताना कधी कधी तिला वहिनी आठवायची, दाराच्या फटीतून दिसलेली. मग ती उठून उगाचच ओटा पुसायला लागायची.

भाचीचा फोन महिन्यातून एकदा, दोन मिनिटांचा. “मासा?” “आहे, मस्त खातो.” “बरं.” कुकरचं वाफबाईनं सांगितलं नाही. जगलाय ना, मग पोरीला कशाला काळजी लावायची? सवय कुठे जाते.

तीन-चार महिन्यांचे आठ झाले, आठाचे बारा. इस्पितळातल्या निवृत्त मैत्रिणींनी समुद्राकाठी आठ दिवस राहायचं ठरवलं. वाफबाईनं आगाऊ पैसेही भरले होते. पण माशाला कोणाच्या भरवशावर टाकणार? शेजारीण म्हणाली, मी घालीन दाणे. पण शेजारीण हात सैल सोडणारी, तिनं मूठभर घातले असते आणि मासा फुगून मेला असता. पैसे बुडाले. मैत्रिणी आधी हसल्या, मग रागावल्या, मग त्यांनी बोलावणंच सोडलं.

मोतीबिंदूचंही तसंच. तिच्याच इस्पितळातल्या डॉक्टरांनी ओळखीखातर लवकरची तारीख दिली. पण नंतर महिनाभर वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. “मासा नेला की करू,” ती म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, चेष्टा करतेय. सहा महिन्यांनी त्यांनीच डोळा तपासला. आता मोतीबिंदू फार कडक झालाय, म्हणाले, नजर पुरती येईल असं सांगवत नाही. तिनं मान हलवली आणि घरी येऊन दुसऱ्या डोळ्यानं थर्मामीटर वाचला.

मासा मात्र असा काही बहरला की विचारू नका. चिंध्या भरून आल्या, शेपटी पंख्यासारखी पसरली, अंग दुपटीनं वाढलं. आणि रंग! आधी विटकेपणा गेला, मग पाठीवर लाल ठिपके आले, ते पसरत गेले, आणि वर्षभरात तो नखशिखांत गडद लाल झाला, कडांना जांभळी झाक. दुकानदार म्हणाला, यातले काही असे रंग पालटतात, पोटभर मिळालं आणि पाणी मानवलं की आणखीनच खुलतात. शेजारणीनं आपल्या फोनवर फोटो काढून भाचीला पाठवायचं सुचवलं. “नको,” वाफबाई म्हणाली, “प्रत्यक्ष येऊन बघू दे.” पोरीच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य तिला स्वतःच्या डोळ्यांनी, म्हणजे आता एकाच डोळ्यानं, बघायचं होतं. आयुष्यात तिनं एवढी एकच हौस धरली, आणि तीच तिला नडली.

चौदाव्या महिन्यात भाची आली. दोन दिवसांसाठी, कंपनीच्या कामानं. उतरली होती हॉटेलात. या खेपेला ती आत येऊन बसली.

“डोळ्याला काय झालं?”

“मोतीबिंदू.”

“मग ऑपरेशन का नाही केलंस?”

“वेळच झाला नाही बघ.”

“रिटायर माणसाला कसला वेळ होत नाही?” भाची हसली, आणि ते हसू बघून वाफबाईला वाटलं, जमतंय. तिनं पेटीवरचा टॉवेल मुद्दाम सावकाश बाजूला केला. मासा सरसर काचेशी आला आणि वाफबाईच्या बोटामागे फिरायला लागला.

भाची बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

“हा तो नाहीये.”

“तोच गं! रंग पालटलाय त्यानं. हे मासे पालटतात रंग.”

“आत्या, माझा निळसर पांढरा होता. याच्या निम्म्यानं होता.”

“वाढला! दुकानदाराला विचार हवं तर, इथे कोपऱ्यावरच आहे.”

“त्याच्याकडूनच आणला असशील.”

वाफबाईनं ठरवलं, आज काही म्हणजे काही लपवायचं नाही. “खरं सांगते,” ती म्हणाली, आणि हे शब्द तिच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच निघाले असतील. “एकदा आजारी पडला होता. माझीच चूक. मी त्याचं सगळं सामान कुकरमध्ये उकळलं. अगदी मरायला टेकला होता. तुला सांगितलं नाही तेव्हा. पण बारा दिवस मी त्याला—”

“कुकरमध्ये,” भाची म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले. “म्हणजे तेव्हाच गेला तो. आणि तू फोनवर मला सांगत होतीस, मस्त खातो.”

“नाही गं, जगला! शपथ घेऊन सांगते.”

“मेला म्हणाली असतीस तर मी एक शब्दही बोलले नसते, आत्या. मासा काय, मरतोच. पण तू मेलेल्याला जिवंत सांगतेस, जिवंताला मेलेलं सांगतेस. मी तरी कशाला आले इथे?”

वाफबाईनं तिचा हात धरला. भाचीनं तो सोडवून घेतला. झिडकारला नाही, परक्या माणसाचा सोडवून घ्यावा तसा. ठेव हा तुलाच, म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरली. वाफबाई खिडकीशी आली, पण रस्ता जात होता तिच्या वाईट डोळ्याच्या बाजूला, आणि मान वळवेपर्यंत गल्लीत कोणी नव्हतं.

मासा काचेशी येऊन वाट बघत होता. त्याची खायची वेळ झाली होती. तिनं चार दाणे मोजून टाकले. दुकानदार म्हणाला होता, असा जपलात तर अजून दोन वर्षं सहज काढेल. दोन वर्षं ती त्याचं पाणी बदलणार होती, आणि तिला मासा कधीच नको होता. तिला हवी होती ती त्याला न्यायला येणारी.