बघामास्तरांचं काचेचं कपाट

आमच्या बघामास्तरांना प्रश्न विचारला, की ते उत्तर देत नसत, चपला घालत. "चला, बघून येऊ," म्हणत आणि निघतसुद्धा. ओढ्याचं पाणी येतं कुठून, असं एकानं विचारलं, तर चौथीचा अख्खा वर्ग घेऊन हा माणूस ओढ्याच्या कडेकडेनं जो सुटला, तो घाट उतरून थेट समुद्राला लागला असता. मीच मागून धावत जाऊन वळवून आणला. बरं, थोडं वाढवून सांगितलं. डोंगराच्या पायथ्याशीच थांबले होते. पण दिवस कलताना परतले तेव्हा पोरांच्या आया शाळेच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी मास्तरांच्या सात पिढ्यांची जी चौकशी केली, त्यात वाढवायला मलासुद्धा काही उरलं नव्हतं.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमचं गाव बेल्ह्यापासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल पुढं लिहायचंय त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि चांगली धिप्पाड आहेत. शाळेत मास्तर दोन. ते थोरले, मी दुय्यम. खरं बोलायचं काम त्यांच्याकडं, बाकीचं सगळं माझ्याकडं. महाळुंगे पडवळला माझं आजोळ. तिथं एवढा भोपळा लागला की वासरू त्याच्या आडोशाला बसलं, असं मी सांगायचो. ते शांतपणे चष्मा पुसत आणि विचारत, "पाहिलंत?" बस्स, एवढंच. माझा भोपळा जागच्या जागी बसायचा.

पण डोळ्यांनी बघून सगळंच थोडं कळतं? पोरं विचारायची, समुद्र खारट का, वीज आधी दिसते मग गडगडते असं का. तिथं चपला घालून काय उपयोग! तिथं पुस्तकच हवं. आणि आमच्या शाळेची पुस्तकं म्हणजे एक फाटका नकाशा आणि वाळवीनं आमच्याआधी वाचून संपवलेली चार क्रमिक पुस्तकं. मास्तरांनी एक वही घातली होती. उत्तर न सापडलेला प्रश्न तिच्यात जायचा, खाली विचारणाऱ्याचं नाव. वही फुगत चालली तसे मास्तर वाळत चालले. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांकडं अर्ज, स्कूल बोर्डाकडं अर्ज. रविवारी पायी जुन्नर गाठायचं आणि वाण्यांच्या दुकानांतून पुड्यांचे छापील कागद मागून आणायचे. एकदा एका पुडीवर सूर्यग्रहणाची माहिती निघाली. मास्तरांनी ती देवाच्या पोथीसारखी उलगडून वाचायला घेतली. ऐन सूर्य झाकायच्या वेळी कागद संपला.

"पुढं काय झालं, गुरुजी?"

"पुढचं पान गुळाला गेलं," मास्तर म्हणाले. पोरं खो खो हसली. मास्तरांनी तो कागद घडी घालून वहीत ठेवला.

अशात शाळा कमिटीचे अध्यक्ष आण्णा यांना दया आली. आण्णा म्हणजे गावातलं मोठं खटलं. बागायत, मळा, दावणीला सहा बैल. (मी इतर ठिकाणी सोळा सांगतो.) त्यांनी सुताराकडून काचेच्या दारांचं, आढ्याला टेकेल एवढं एक कपाट करवून शाळेत आणून ठेवलं. "मास्तर, कपाट आलं, आता पुस्तकं बी येतील. माझा पांढरा बैल बेल्ह्याच्या बाजारात निघाला, की दुसऱ्या दिवशी पुण्यासनं पेटीभर पुस्तकं. शब्द हाय माझा."

बैल काही लवकर विकला जाईना. चार महिने ते कपाट रिकामं उभं. मास्तर रोज सकाळी त्याच्या रिकाम्या फळ्या पुसायचे. एक दिवस मी लवकर गेलो तर हा पन्नाशीला टेकलेला माणूस कपाटासमोर जमिनीवर बसलेला, मांडीवर ती वही, आणि कुठला प्रश्न कुठल्या फळीवर हे बोटानं ठरवतोय. "आकाशाचं वर. प्राण्यांचं खाली, लहानांचा हात पोचेल असं," मला म्हणाले. मला एक थाप सुचली होती, ती मी गिळली.

त्याच महिन्यात त्यांनी वर्गाला विचारलं, "बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात किती?" सगळी शेतकऱ्यांची पोरं. जन्मापासून गुरांत वाढलेली. कुणी म्हणालं आठ, कुणी म्हणालं सहा. मीही जोरात आठ म्हणालो. "बघून या," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्ग थक्क होऊन आला. वर एकही नाही! नुसती हिरडी! मग वय ओळखायला खालचे, दुधाचे सोडून पक्के दात मोजायचं ठरलं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग सगळे आठ आले की बैल जुळला, त्यानंतर ते झिजत जातात. त्या आठवड्यात गावात असं एक जनावर उरलं नाही ज्यानं पोरांपुढं आ केला नसेल. यात सगळ्यांत तरबेज झाली ती हौसा. आण्णांच्या सालगड्याची पोर, दहा वर्षांची, आण्णांच्याच गुरांमागं वाढलेली. ती नुसतं नाक धरायची आणि बैल शहाण्यासारखा तोंड उघडायचा.

अभ्यास पक्का करायला मास्तर वर्गाला बेल्ह्याच्या बाजारात घेऊन गेले. मीही गेलो, भजी खायला. तिथं आण्णा पांढऱ्या बैलापाशी उभे. शिंगं साळून, तेल लावून बैल नवरदेवासारखा सजवलेला. गिऱ्हाईक म्हणजे जुन्नरचे पिंजारी चाचा, गाद्या भरणारे. कापसातलं त्यांना सगळं कळायचं, बैलातलं काही नाही; जत्रांना गाडी न्यायची म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बैल घ्यायला आले होते. रुमालाखाली बोटांनी भाव ठरवायची रीत; दोघांची बोटं जुळत आली होती.

"चार दाती ना, आण्णा? तुमच्या जबानीवर घेतो."

"चार दाती! तोंडाला हात तेवढा लावू नगा, लई तापट हाय."

तोवर हौसानं नाक धरलं होतं. बैलानं लगेच तोंड उघडलं. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "गुरुजी, आठ हायेत! अन् कडंचे पार झिजल्यात!"

भोवतालचा गलबला थांबला. पार बेल्ह्याच्या वेशीपर्यंत थांबला असं मी सांगत असतो. निदान आमच्यापुरता तरी थांबला. आण्णा मोठ्यानं हसले. "पोरीला मोजता येईना! हेच शिकवता व्हय, मास्तर?" मग माझ्याकडं वळले. "तुमी सांगा, धाकले मास्तर."

मला ते कपाट दिसलं. आकाशाचं वर, प्राण्यांचं खाली. मी म्हणालो, "चारच आहेत. मी परवाच पाहिले."

चाचांनी बघामास्तरांकडं पाहिलं. "गुरुजी, तुम्ही बोला. तुम्ही बोलाल ते आपल्याला मंजूर."

मास्तर हौसाजवळ जाऊन वाकले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला जेमतेम ऐकू आला. त्या आवाजात शिकवणं नव्हतं, विनवणी होती. "हौसा, नीट बघितलंस ना, बाळ? चुकतं कधी कधी. चुकलं असेल तर..."

हौसानं गोंधळून त्यांच्याकडं पाहिलं. "दोनदा मोजायचं म्हणून तुमीच सांगितलं व्हतं. मी दोनदा मोजलं."

मास्तरांनी चष्मा पुसला. बैलाच्या तोंडाशी वाकले. एक एक दाताला बोट लावत मोठ्यानं मोजू लागले. चार म्हटल्यावर थांबले. तिथं थांबले असते तर पुस्तकांची पेटी पुण्याहून निघालीच होती. मग पाच म्हणाले. आठ म्हणाले आणि सरळ उभे राहिले.

रुमालाखालून चाचांनी हात काढून घेतला. आण्णांनी बैल सोडवून घराकडं वळवला. आठ दिवसांत दोन गडी येऊन कपाट उचलून घेऊन गेले. महिन्याभरात मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला, आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीत. आणि हौसाच्या बापानं तिचं नाव शाळेतून काढलं. मास्तर त्याच्याकडं गेले होते. त्यानं नुसते हात जोडले. परत आल्यावर मास्तर मला म्हणाले, "पुस्तकं गेली ते एक वेळ सोसेन. पण मी तिला बघायला शिकवलं, आणि मीच तिला डोळे झाक म्हणणार होतो."

ते निघाले त्या दिवशी त्यांची वळकटी घेऊन मी वेशीपर्यंत गेलो. वाटेत त्यांनी विचारलं, "परवा पाहिले होते म्हणालात. पाहिले होते?"

"नाही."

"मग एकदा बघून या," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

वेशीपाशी माळावर आण्णांची गुरं चरत होती. त्यांच्यामागं हौसा. मास्तर तिच्याकडं न बघता पुढं निघाले. मला वाटतं, धीर होत नव्हता. तेवढ्यात तिनं हाक मारली.

"गुरुजी! म्हशीला बी वरचं दात न्हाईत! शेळीला बी न्हाईत! मी बघितलं!"

मास्तर थांबले. पिशवी धुळीत ठेवली, ती वही काढली, भर रस्त्यात उकिडवे बसून त्यांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं. खाली तिचं नाव घातलं. मग ओरडून विचारलं, "किती म्हशी बघितल्या?"

"तीन!"

"अजून बघ!" म्हणाले, आणि डोंगराच्या वाटेला लागले. पुन्हा भेट झाली नाही.

या सगळ्यात मी कुठं कुठं वाढवलंय ते जाणकारांनी ओळखलं असेल. कपाट इतकं काही उंच नव्हतं, ओढाही तितका लांब नाही. पण वेशीवरून मी घरी गेलो नाही, आण्णांच्या गोठ्यात गेलो. पांढऱ्या बैलानं मला दोनदा ढुशी दिली, एक बोट चावलं, ते अजून वाकडं आहे. दात आठ होते. कडेचे झिजलेले. मी दोनदा मोजले.